पाहिलेला समुद्र आणि ऐकलेली आज्ञा

सणासाठी मुंबई-पुण्याकडील मंडळी गावी आली म्हणजे अलीकडे कित्येक ख्रिस्ती घरांत एक गोष्ट घडते. जेवणखाण आटोपल्यावर कोणी तरी म्हणतो, "चला, तो मोशेचा जुना चित्रपट पुन्हा पाहू." जो चित्रपट पूर्वी आईबापांचे बोट धरून शहरातील थिएटरात पाहिला, तोच आता घरातील लहान पडद्यावर, किंबहुना हातातील मोबाइलवरही पाहता येतो. लहानथोर सर्व गोळा होऊन बसतात. परंतु पुष्कळांचा अनुभव असा आहे की, पूर्वी ज्या ठिकाणी अंगावर काटा उभा राहिला होता, त्या ठिकाणी आता तो राहत नाही. जेथे डोळे भरून आले होते, तेथे ते कोरडेच राहतात. मुले तर मधूनमधून हसतातही.

अशा वेळी विचारी मनुष्याच्या मनात एक प्रश्न उभा राहतो, आणि तो क्षुल्लक नाही. पहिल्या वेळी जे अश्रू आले, ते काय खोटे होते? आणि ते खरे असतील, तर आज आमची भक्ती थंडावली, असे समजावे काय? एका मंडळीतील वृद्ध बाईंनी हाच प्रश्न आपल्या पाळकसाहेबांना मोठ्या काळजीने विचारल्याचे आमच्या कानावर आले आहे. म्हणून त्याचा थोडा शांतपणे विचार करावा, असे आम्हांस वाटते.

प्रथम त्या चित्रपटाविषयी. 'दि टेन कमांडमेंट्स', म्हणजे 'दहा आज्ञा', हा चित्रपट सेसिल डी मिल नावाच्या अमेरिकन दिग्दर्शकाने १९५६ साली प्रसिद्ध केला. तो सुमारे ३ तास ४० मिनिटे चालतो. चार्लटन हेस्टन हा मोशे झाला आहे व यूल ब्रिनर हा फारो. टोपलीतील तान्हा मोशे म्हणून जे बाळ दिसते, ते हेस्टन ह्याचेच मूल होते. समुद्र दुभंगण्याचे दृश्य तर जगभर गाजले. ते कसे साधले, हे आता सर्वांस ठाऊक आहे. मोठ्या हौदात दोन्ही बाजूंनी पाणी लोटून त्याचे चित्र घेतले आणि मग ती चित्रफीत उलटी फिरविली. त्यामुळे एकत्र कोसळणारे पाणी दोहों बाजूंस मागे सरल्यासारखे दिसले. शास्त्रात नसलेल्या पुष्कळ गोष्टीही त्यात घातल्या आहेत. निर्गमाच्या पुस्तकात त्या फारोचे नाव दिलेले नाही. चित्रपटात तो रामसेस आहे. राजवाड्यातील स्त्रीचे जे प्रेमप्रकरण तेथे दाखविले आहे, त्याचा पवित्र शास्त्रात मागमूसही नाही.

ही युक्ती कळल्यावर कोणाचा विश्वास डळमळत असेल, तर त्याने इतकेच ध्यानात घ्यावे की, युक्ती चित्रपट करणाऱ्याची आहे, देवाची नाही. शास्त्रातील हकिकत तर त्या दृश्याहून पुष्कळ निराळी व अधिक गंभीर आहे. निर्गम १४:२१ येथे सांगितले आहे की, परमेश्वराने रात्रभर पूर्वेचा जोराचा वारा वाहवून समुद्र मागे हटविला. चित्रपटात जे दोनचार मिनिटांत उरकते, त्यास शास्त्रात एक संपूर्ण रात्र लागली. मालवण, देवगड, वेंगुर्ले ह्या किनाऱ्यावरच्या आमच्या वाचकांस हे निराळे समजावून सांगण्याची गरज नाही. रात्री घाटाकडून समुद्राकडे वाहणारा मतलई वारा त्यांच्या ओळखीचा आहे. अंधारात किनाऱ्यावर उभे राहून वाऱ्याची वाट पाहणे म्हणजे काय, हे तांडेलाइतके कोणास ठाऊक असणार? त्या रात्री इस्राएल लोकांच्या मागे फारोचे रथ होते, पुढे पाणी होते, आणि मध्ये सबंध रात्र केवळ वाऱ्याचा आवाज होता. डोळ्यांस दिसण्याजोगे फार थोडे होते. वाट पाहणे मात्र पुष्कळ होते. चित्रपटाने आम्हांस समुद्र दाखविला, परंतु ती रात्र दाखविली नाही.

पुन्हा पाहण्याचा एक लाभही आहे, आणि तो सांगितला पाहिजे. आमच्या घरी हा चित्रपट कित्येक वर्षांनी पुन्हा पाहिला, तेव्हा लहानपणी ज्याकडे कोणाचेही लक्ष गेले नव्हते असे एक दृश्य सर्वांच्या मनात घर करून राहिले. विटांसाठी चिखल तुडविणारा एक म्हातारा गुलाम मार लागून पडतो, व मोशेच्या हातांत प्राण सोडतो. मरण्यापूर्वी आपणांस सोडविणारा दृष्टीस पडावा, अशी त्याची प्रार्थना होती. ती ऐकली गेली नाही असे समजून तो मरतो. ज्याची तो वाट पाहत होता, त्याच्याच हातांत आपण आहो, हे त्यास कळत नाही. पोरवयात आम्ही सर्वजण समुद्राची वाट पाहत बसलो होतो. म्हातारा आमच्या समोरून गेला, तो कोणासही दिसला नाही. प्रौढपणी तो दिसला, कारण मधल्या काळात प्रत्येकाने कोणाला तरी आपल्या हातांत मरताना पाहिले होते. चित्रपट तोच होता; पाहणारे बदलले होते. तेव्हा पहिले अश्रू आटले म्हणून घाबरून जाऊ नये. कदाचित ते दुसऱ्या, अधिक योग्य जागी वाहावयाचे असतील.

तथापि मूळ प्रश्न ह्याने सुटत नाही. अश्रू कोठेही वाहोत, त्यांची किंमत ती किती? ह्याचे उत्तर इस्राएल लोकांच्याच इतिहासात आहे. त्यांनी चित्र पाहिले नव्हते; त्यांनी प्रत्यक्ष समुद्र पाहिला होता. पलीकडच्या तीरावर त्यांनी गीत गाइले, मिर्यामेने डफ वाजविला. त्यांचा तो आनंद खोटा होता, असे शास्त्र कोठेही म्हणत नाही. परंतु त्यानंतर तीन दिवस ते अरण्यात चालले, मारा येथे पाणी कडू लागले, आणि लागलीच कुरकुर सुरू झाली. पुढे मोशे चाळीस दिवस डोंगरावर राहिला, तेवढ्या अवधीत त्याच लोकांनी सोन्याचे वासरू ओतून त्यापुढे नाच केला. ज्या डोळ्यांनी समुद्र दुभंगलेला पाहिला, तेच डोळे वासरावर खिळले. मिसरातून निघालेल्या प्रौढ पिढीपैकी वचनदत्त देशात पोहोचले ते कालेब आणि यहोशवा हे दोघेच. ह्यावरून उघड होते की, पाहणे हे खरे असूनही पुरेसे नसते. डोळे भरून येणे म्हणजे बी रुजणे नव्हे. जमिनीवर पहिली सर पडणे इतकेच ते आहे.

येथे कोणी आक्षेप घेईल की, पाहणे जर इतके अपुरे आहे, तर देवाने चमत्कार दाखविले तरी कशाला? थोमाला प्रभूने आपल्या हातांचे व्रण का दाखविले? योहान प्रेषित आपल्या पहिल्या पत्राच्या आरंभी, आम्ही त्याला पाहिले व हातांनी चाचपले, असे अभिमानाने का लिहितो? आक्षेप योग्य आहे; त्यास टाळून जाता येणार नाही. देवाने मनुष्यास डोळे दिले आहेत, व शब्द देही झाला तो दिसावा म्हणूनच. परंतु ज्यांना त्याने दाखविले, त्यांना पाहतच बसा असे तो कधीही म्हणाला नाही. रूपांतराच्या डोंगरावर पेत्राला मंडप घालून तेथेच राहावेसे वाटले, तेव्हा मेघातून वाणी झाली ती त्याचे ऐका अशी. सिनाय डोंगराविषयी मोशे लोकांना आठवण देतो की, तुम्ही शब्दांचा ध्वनी ऐकला, परंतु आकृती कोणतीही पाहिली नाही (अनुवाद ४:१२). आणि लाजर व श्रीमंत मनुष्य ह्यांच्या दाखल्यात तर प्रभू स्पष्टच सांगतो की, जे मोशेचे व संदेष्ट्यांचे ऐकत नाहीत, ते मेलेल्यांतून कोणी उठला तरी मानणार नाहीत (लूक १६:३१). म्हणजे दर्शन हे कान उघडण्यासाठी आहे. ज्याच्या कानापर्यंत ते पोहोचले नाही, त्याच्या डोळ्यांतून ते काही काळाने निघून जाते.

ह्याचे एक बोलके उदाहरण आपल्या महाराष्ट्रातच आहे. त्र्यंबकेश्वर येथे १८७० साली जन्मलेले धुंडिराज गोविंद फाळके, ज्यांस आज सर्वजण दादासाहेब फाळके म्हणून ओळखतात, ह्यांनी सन १९१०-११ च्या सुमारास मुंबईत अमेरिका-इंडिया पिक्चर पॅलेस नावाच्या चित्रगृहात ख्रिस्ताच्या चरित्राचा एक मूकपट पाहिला. त्याचा त्यांच्या मनावर इतका परिणाम झाला की, त्यांनी तो पुन्हा पाहिला, व घरच्या मंडळींनाही नेऊन दाखविला. पुढे १९१७ साली 'नवयुग' मासिकात त्यांनी स्वतःच ह्याचे वर्णन केले आहे. डोळ्यांसमोर ख्रिस्ताचे चरित्र सरकत असता, त्यांच्या मनश्चक्षूंपुढे कृष्ण व राम, गोकुळ व अयोध्या ही उभी राहत होती, असे ते सांगतात. दुसऱ्यांदा पाहताना तर आपल्या कल्पनेतील ते देव पडद्यावर साकार होत आहेत, असे त्यांस वाटले. त्यातूनच त्यांचा 'राजा हरिश्चंद्र' निर्माण झाला, व ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कोरोनेशन चित्रगृहात लोकांपुढे आला. भारतातील चित्रपटकलेचा वृक्ष अशा रीतीने एका ख्रिस्तचरित्राच्या दर्शनातून उगवला.

ह्यात फाळके ह्यांचा काही दोष होता, असे आम्ही म्हणत नाही. ते प्रामाणिक व कष्टाळू पुरुष होते, आणि जे हृदयाशी होते तेच त्यांनी पाहिले. परंतु हीच तर डोळ्यांची रीत आहे. डोळा मनुष्यास बहुधा तेच दाखवितो, जे त्याच्या अंतःकरणास आधीच प्रिय आहे. फाळके ह्यांच्या अंतःकरणात राम व कृष्ण होते, म्हणून ते दिसले. आमच्या अंतःकरणात जर मोठेपणाची हाव असेल, तर मोशेचा चित्रपट पाहताना आम्हांस फारोचा राजवाडाच अधिक आवडेल. आणि मग बाहेर पडताना आम्ही मोशेविषयी बोलू, पण घरी फारोसारखे वागू.

ह्याच्या शेजारी दुसरे एक उदाहरण ठेवून पाहा. रेव्हरंड नारायण वामन टिळक हे कोकणचेच. रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे १८६१ साली ते जन्मले. १८९३ साली आगगाडीच्या प्रवासात एका अनोळखी युरोपियन गृहस्थाने त्यांच्या हाती नवा करार दिला. आरंभी ते केवळ शब्दाखातर वाचू लागले. परंतु डोंगरावरील प्रवचनापाशी आले, आणि तेथून त्यांना पुढे हलवेना. तेथे पाहण्यासारखे काहीच नव्हते. समुद्र नाही, रथ नाहीत, वाद्ये नाहीत. आहेत त्या केवळ आज्ञा. वैऱ्यावर प्रीती कर, उजव्या हाताने दिलेले डाव्यास कळू देऊ नको, अशा अर्थाच्या त्या आज्ञा आहेत. १८९५ च्या फेब्रुवारीत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्याची किंमत त्यांना व त्यांच्या घरास किती द्यावी लागली, हे लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रे' ह्या ग्रंथावरून सर्वांस ठाऊक आहे. लक्ष्मीबाई लागलीच त्यांच्यामागून गेल्या नाहीत. कित्येक वर्षांनी, स्वतःच्या मनाची खात्री झाल्यावर त्या ख्रिस्ती झाल्या. एका मराठी पुरुषाने ख्रिस्ताचे चरित्र पाहिले, आणि त्यातून एक कला जन्मास आली. दुसऱ्याने ख्रिस्ताची आज्ञा ऐकली, आणि तो स्वतः नव्याने जन्मला.

ह्याचा अर्थ चित्रे टाकून द्यावीत, असा नाही. आपल्या सिंधुदुर्गात कुडाळजवळ पिंगुळी येथे ठाकर समाजाची चित्रकथी आजही जिवंत आहे. तेथील परशुराम गंगावणे ह्यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. चित्रकथीत एकामागून एक चित्र पुढे धरतात, आणि सांगणारा गाऊन कथा सांगतो. चित्र मुके असते. वाणी त्यास अर्थ देते. सांगणारा गप्प बसला, तर प्रेक्षकांच्या हाती रंगविलेला कागद तेवढा राहील. तसेच आपले दशावतारी. जत्रेत रात्रभर जो राजा म्हणून गर्जतो, त्याच्या डोक्यावर सकाळी सामानाचा बोजा असतो, अशी इकडे म्हणच आहे. आपल्या खेड्यांतील अशिक्षित मनुष्यही सोंग आणि मनुष्य ह्यांतील भेद जाणतो. मग पडद्यावरील मोशे हेही एक सोंगच आहे, हे जाणून त्याचा योग्य उपयोग करणे आपणांस अवघड का जावे?

आता त्या चित्रपटाविषयीची एक गोष्ट सांगतो, जी पुष्कळांस ठाऊक नसेल. डी मिल ह्यांनी 'दहा आज्ञा' दोनदा केला. १९२३ साली त्यांनी ह्याच नावाचा एक मूकपट काढला होता. त्यात मोशेची हकिकत केवळ पहिल्या भागात होती. पुढचा मोठा भाग त्या काळच्या अमेरिकेतील एका आईचा व तिच्या दोन मुलांचा होता. एक मुलगा आज्ञा मानतो. दुसरा त्यांची थट्टा करितो व बांधकामाचा मोठा कंत्राटदार होतो. पैसा वाचविण्यासाठी तो एका मंदिराच्या बांधकामात हलके काँक्रीट वापरतो. शेवटी त्याच मंदिराची भिंत कोसळते, आणि तिच्याखाली त्याची स्वतःची आई सापडून मरते. तेहतीस वर्षांनी त्यांनी चित्रपट पुन्हा केला, तेव्हा मोशेची कथा फार विस्तृत व वैभवशाली झाली. पण तो दुसरा भाग गाळला गेला. त्यामुळे आपण जो चित्रपट पाहतो, त्यात आज्ञा दगडी पाट्यांवर लिहिल्या जातात, पण त्या एखाद्या घरात पाळल्या जातात की मोडल्या जातात, हे दिसत नाही.

बंधुभगिनींनो, तो गाळलेला दुसरा भाग तुमच्या आमच्या घरी रोज चालू आहे, असे आम्ही म्हणतो. पडदा अंधारला, दिवे लागले, म्हणजे तो सुरू होतो. शब्बाथाची आज्ञा देताना परमेश्वर म्हणतो की, त्या दिवशी तुझा दास, तुझी दासी, तुझी गुरेढोरे, व तुझ्या वेशीच्या आत राहणारा उपरा ह्यांनीही विसावा घ्यावा. आणि अनुवाद ५:१५ येथे त्याचे कारण देतो की, तूही मिसरात दास होतास. चिखल तुडविणाऱ्या त्या म्हाताऱ्यासाठी ज्याचे डोळे भरून आले, त्याने स्वतःस विचारावे: माझ्या आंब्याच्या बागेत नेपाळहून आलेला जो मजूर राखण करितो, त्यास विसाव्याचा दिवस मिळतो काय? तो आजारी पडला, तर त्यास दवाखान्यात कोण नेतो? मजुराची मजुरी सूर्य मावळण्यापूर्वी द्यावी, कारण त्याचा जीव तिच्यावर लागलेला असतो, अशी मोशेची आज्ञा आहे (अनुवाद २४:१५). होडीवरील परगावच्या खलाशाचा हिशेब आम्ही हंगाम संपेपर्यंत लांबवितो काय? रापण ओढण्यास जो हात लावतो, त्याला वाटा मिळतो, हा आपल्या किनाऱ्याचा जुना न्याय आहे. जो न्याय जाळ्यापाशी पाळला जातो, तो बागेत व घरकामाच्या बाईशी वागताना का मोडावा? समुद्र दुभंगलेला पाहून रडणे सोपे आहे, कारण तेथे फारो दुसरा कोणी असतो.

आईबापांनी तर ह्या बाबतीत विशेष जागरूक असावे. देवाने इस्राएल लोकांना समुद्र पुन्हा दुभंगून दाखविला नाही. पुढच्या पिढीने तो कसा पाहावा? त्यासाठी त्याने एक निराळीच योजना केली. वल्हांडणाच्या रात्री मूल विचारील की ह्याचा अर्थ काय, तेव्हा बापाने त्यास उत्तर द्यावे (निर्गम १२:२६-२७). पुन्हा अनुवाद ६:२० येथे, ह्या आज्ञा कशासाठी, असे मूल विचारील, तेव्हाही उत्तर देण्याचा भार बापावरच टाकला आहे. म्हणजे पुन्हा पाहण्याऐवजी पुन्हा सांगणे, हीच देवाची रीत. म्हणून कुटुंबाने मिळून चित्रपट पाहिला, तर ती चांगलीच गोष्ट आहे. परंतु तो संपल्यावर निर्गमाचा चौदावा अध्याय उघडून वाचावा. काय शास्त्रात आहे व काय नाही, हे मुलांनाच शोधू द्यावे. मुले हसली, तर त्यांस रागावू नये. ती पडद्यावरील जुन्या युक्तीला हसतात. आज्ञेला हसू नये, इतके त्यांस घरात दिसले पाहिजे, आणि ते आईबापांच्या वागण्यावाचून दुसरीकडे दिसणार नाही.

आमच्या उपदेशक बंधूंना व शास्त्र सांगत फिरणाऱ्या भगिनींना एक विनंती आहे. लूककृत शुभवर्तमानावर आधारलेला 'जीझस' हा १९७९ चा चित्रपट मराठीतही आहे, आणि खेड्यापाड्यांत तो पुष्कळदा दाखविला गेला आहे. तो जरूर दाखवावा. परंतु त्या रात्री किती डोळे ओले झाले, ह्याची मोजदाद करून अहवाल लिहू नये. दुसऱ्या दिवशी सकाळी, सतरंज्या गुंडाळल्यावर, पुस्तक हाती घेऊन पुन्हा त्याच वाडीत जावे. ज्याला प्रश्न पडला असेल, तो पडवीत बसलेला सापडेल. खरे काम तेथे सुरू होते. ह्या किनाऱ्याचा अनुभवही हेच सांगतो. वेंगुर्ल्यास अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनचे डॉक्टर गोहीन ह्यांच्यासारख्यांनी जी रुग्णसेवा केली, ती जखम धुणाऱ्या हातांची सेवा होती. आपली सत्कृत्ये लोकांच्या दृष्टीस पडावीत, असे प्रभूने डोंगरावरील प्रवचनात सांगितले आहे. शुभवर्तमानाचे जे चित्र शेजारी रोज पाहतो, ते आपल्या वर्तनाचे असते; त्यात फीत उलटी फिरवून दाखविता येत नाही.

तेव्हा त्या वृद्ध बाईंनी काळजी करू नये. त्यांचे पहिले अश्रू खोटे नव्हते, व आजचा कोरडेपणा हे विश्वास गेल्याचे लक्षण नव्हे. विश्वास वार्तेने होतो, असे पौल रोमकरांस लिहितो, आणि वार्ता वृद्धपणीही कानी येऊ शकते. त्यांनी इतकेच पाहावे की, समुद्र ओलांडून आलेल्या त्यांच्या घरात आज कोणी दास राहिला आहे काय. असल्यास त्यास विसावा द्यावा, व रात्रीच्या प्रार्थनेत त्याचे नाव घ्यावे. देव आपणां सर्वांस पाहणारे डोळे, ऐकणारे कान व आज्ञा पाळणारे हात देवो.